सहीला कोण आहे?

डाव्या हातातली सुई तिसऱ्यांदा बाहेर निघाली तेव्हा नर्सने ऋजुताच्या चेहऱ्याकडे बघणं टाळलं. कापसाचा बोळा दाबून धरत ती मशीनवाल्याला तमिळमध्ये काहीतरी पुटपुटली. त्याने बटण दाबलं. मशीनची घरघर थांबली आणि खोलीत एसीचा आवाज तेवढा उरला.

कोपराच्या आतल्या बाजूला लिंबाएवढी सूज आली होती. उजव्या हातातून रक्त मशीनमध्ये नीट जात होतं. पण डाव्या हातातून परत अंगात यायचं ते शिरेत न राहता कातडीखाली साचत होतं. चाळीस मिनिटांत तीन शिरा फुटल्या होत्या.

"दुखतंय?" दाराशी उभ्या असलेल्या वेंकटने इंग्रजीत विचारलं.

"फार नाही."

वेंकट दात्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेचा माणूस होता. सहा वर्षांपूर्वी पुण्यात, कॉलेजातल्या एका शिबिरात ऋजुताने गालाच्या आतून कापूस फिरवून दिला होता आणि विसरून गेली होती. मग लग्न झालं, चेन्नईला येणं झालं, नोकरी बदलली. तीन महिन्यांपूर्वी वेंकटचा फोन आला. रक्ताच्या कर्करोगाच्या एका रुग्णाशी तिच्या पेशी जुळत होत्या. देशभरात जुळणारी ती एकटीच होती. रुग्णाचं नाव, गाव काही सांगायचं नाही असा नियम. एवढंच कळलं होतं: बाई आहे, वय बावन्न.

गेले पाच दिवस ती रोज एक इंजेक्शन घेत होती. त्याने हाडांमधल्या मूळपेशी रक्तात उतरायच्या. कंबर आणि पाठ आतून कुणी पिळल्यासारखी दुखायची. आज मशीन त्या पेशी वेचून एका पिशवीत जमा करणार होतं आणि उरलेलं रक्त तिला परत देणार होतं. बाहेर बाकावर एक माणूस मांडीवर निळी पेटी घेऊन बसला होता. पिशवी मिळाली की तो संध्याकाळच्या विमानाने निघणार होता.

डॉक्टर श्रीरंजनी आल्या. त्यांनी दोन्ही दंडांना पट्टा बांधून बराच वेळ बोटांनी चाचपलं, मग पट्टा सोडला.

"हातात आता काही मिळणार नाही," त्या म्हणाल्या. "एक मार्ग आहे. जांघेतल्या मोठ्या शिरेत नळी घालायची. तिथून रक्त घेताही येतं आणि परत देताही येतं."

त्यांनी पाकीट दाखवलं. नळी शहाळ्याच्या स्ट्रॉपेक्षा थोडी बारीक, वीतभर लांब. टोकाला दोन तोंडं, एक लाल, एक निळं. ऋजुताने ती पारदर्शक कागदातून पाहिली आणि नजर छताकडे नेली.

"तुम्ही नाही म्हणू शकता. अगदी आत्ताही," डॉक्टर म्हणाल्या.

"नाही म्हटलं तर?"

डॉक्टरांनी वेंकटकडे पाहिलं. वेंकटने घसा साफ केला.

"तिकडे त्यांनी तिची स्वतःची अस्थिमज्जा औषधांनी संपवून टाकली आहे. तुमच्या पेशींना जागा हवी म्हणून. आठवडा झाला. आता तिच्या अंगात नवं रक्त तयार होत नाही."



"घाला," ऋजुता म्हणाली.

"सहीला कोण आहे?"

"मीच करते ना."

"तुमची हवीच. पण अशी नळी घालायची तर एका नातेवाइकाने इथे हजर राहून सही करायची, असा आमच्याकडे नियम आहे."

अरुण, तिचा नवरा, कंपनीच्या कामासाठी दोन महिने जर्मनीत होता. त्याला सगळं ठाऊक होतं. त्याची सही फोनवरून चालणार नव्हती. आईवडील नाशिकला. चेन्नईत नातं म्हणावं असं एकच माणूस होतं, तिच्या सासूबाई, आणि त्यांना अरुणने मुद्दाम काही सांगू दिलं नव्हतं. 'अम्माला इस्पितळाचं नाव काढलं तरी झोप येत नाही,' तो म्हणाला होता. आज सकाळी ऋजुता ऑफिसला जाते असं सांगूनच घरातून निघाली होती.

मशीनमध्ये तिचं पावशेर रक्त अडकून होतं. मशीनवाला म्हणाला, तास-सव्वा तास ते टिकेल. त्यानंतर गोठायला लागेल.

तिने फोन लावला.

"अम्मा, मी अड्यारच्या इस्पितळात आहे. मला काही झालेलं नाही. इथे फक्त एक सही हवी आहे."

 ती प्रश्नांची वाट पाहत राहिली.

"येतें," तुळसीबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

तांबरमहून लोकलने गिंडी आणि तिथून रिक्षा. पाऊण तास तरी. ऋजुता पडून राहिली. दाराच्या काचेतून तिला पेटीवाल्याचा खांदा दिसत होता. दर थोड्या वेळाने तो मनगट वळवून घड्याळ बघायचा.

सासूबाईंना काय आणि कसं सांगायचं, याची ती मनात जुळवाजुळव करत होती. तीन वर्षं एका घरात राहून दोघींचं बोलणं कामापुरतंच राहिलं होतं. तुळसीबाईंचं घराणं तंजावरकडचं. त्यांची मराठी म्हणजे शब्द जुन्या पोथीतले आणि हेल तमिळचा. सुरुवातीला ऋजुताला गंमत वाटायची. पुढे त्याचीच भिंत झाली. त्या बोलल्या की कुणी वाचून दाखवतंय असं वाटे. त्यात राग आहे की माया, हे तिला कधी ओळखता आलं नाही.

तुळसीबाई आल्या त्या धापा टाकत. हातात कापडी पिशवी, पदराला घाम पुसलेला. तीस वर्षं शाळेच्या कचेरीत कारकुनी केलेली ही बाई कुठेही गेली की आधी खोली नीट बघून घ्यायची. आज त्यांनी मशीनकडे, नळ्यांतल्या लाल रक्ताकडे पाहिलंच नाही. सरळ येऊन त्यांनी ऋजुताच्या कपाळावर हात ठेवला. असा हात त्यांनी कधी ठेवला नव्हता.

"भिऊं नको," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "समोरच्या बिऱ्हाडांतली लेक आहे ना, तिचेंही दोनदां वाया गेलें. तिसऱ्यांदां राहिलें. सगळें ठीक होतें."

"काय राहिलं?"

"मला ठाऊक आहे, मुली. फ्रिजमधें भाजीखालीं डबा होता. इंजेक्शनांचा. तिच्याकडे तसाच पाहिला होता मीं. तूं सांगितलें नाहींस, मीं विचारलें नाहीं."

ऋजुताला आधी काही उमगलं नाही, आणि उमगलं तेव्हा गेले पाच दिवस एकदम समोर आले. तुळसीबाईंनी पाण्याचा कॅन तिला उचलू दिला नव्हता. रात्री न सांगता हळदीचं दूध आणून ठेवलं होतं. परवा तिचे कपडे वाळत घालायला त्या स्वतः गच्चीवर गेल्या होत्या, गुडघे धरून.

"अम्मा," ती म्हणाली, "ते त्यासाठी नव्हतं."

मग तिने सांगितलं. शिबिर, फोन, इंजेक्शनं, मशीन, नळी. सांगताना ती छताकडेच बघत होती. कपाळावरचा हात बराच वेळ तसाच होता. मग तो उचलला गेला आणि पिशवीच्या बंदावर जाऊन बसला.

"मूल व्हावें म्हणून नव्हे?"

"नाही."

"कोण ती बाई?"

"माहीत नाही."

"आपल्यांतली?"

"तेही माहीत नाही. बावन्न वर्षांची आहे."

"मग तूं कशास?"

"फोन आला म्हणून," ऋजुता म्हणाली. उत्तर तिला स्वतःलाच अपुरं वाटलं.

डॉक्टर कागद घेऊन आल्या. तुळसीबाईंनी चष्मा लावला आणि इंग्रजी मजकूर पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. वेंकटने पायावरचा भार बदलला. मशीनवाल्याने एकदा नळीला टिचकी मारून पाहिलं. दुसऱ्या पानावर तुळसीबाईंचं बोट एका ओळीवर थांबलं आणि तिथेच राहिलं.

"ह्यांसही नुसती नळीच म्हणाले होते," त्या म्हणाल्या.

ऋजुताला तेवढंच ठाऊक होतं की सासरे, वादिराज, तिच्या लग्नाच्या वर्षभर आधी किडनीच्या आजाराने गेले. पुढचं घरात कुणी बोलत नसे.

"मानेंत घातली होती. डायलिसिससाठीं. सहाव्या दिवशीं ताप आला, आठव्या दिवशीं गेले." त्यांनी कागद मांडीवर ठेवला. "मीं एकदां सही केली आहे."

ऋजुताने डॉक्टरांना ते इंग्रजीत सांगितलं. डॉक्टर इतका वेळ उभ्या होत्या. त्यांनी स्टूल ओढलं, बसल्या आणि तमिळमध्ये बोलू लागल्या. ते आधीच फार आजारी होते, ही निरोगी आहे. तिथे नळी कितीतरी दिवस ठेवावी लागते, इथे संध्याकाळी काढायची. रक्तस्राव होऊ शकतो, गाठ धरू शकते, जंतू शिरू शकतात. होत नाही असं मी म्हणणार नाही, पण फार क्वचित.

तुळसीबाईंनी विचारलं, "तुम्हीच घालणार की शिकणारे कोणी?"

"मीच."

"आजवर किती घातल्या?"

"मोजल्या नाहीत. आठशे-नऊशे असतील."

"हिला पुढें मूल होण्यास ह्याचा अडथळा?"

"काहीच नाही."

हा प्रश्न मात्र विचारताना त्यांनी ऋजुताकडे पाठ केली होती.

भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा वाजून गेले होते. बाहेरचा पेटीवाला उठून फेऱ्या मारू लागला होता. काचेवर त्याची सावली येई आणि जाई. तुळसीबाईंनी वेंकटला विचारलं, "तिकडे त्या बाईपाशीं कोण बसलें आहे?"

"मला माहीत नाही, मामी. मलाही सांगत नाहीत."

"कोणी तरी बसलें असेलच," त्या म्हणाल्या. जराशाने पिशवीतून स्वतःचं पेन काढलं. प्रत्येक पानावर सही केली, तारीख घातली, वेळ घातली, आणि कागद परत देताना त्यावर क्षणभर तळवा दाबून ठेवला.

त्यांना बाहेर जायला सांगितलं गेलं.

ऋजुताच्या अंगावर हिरवं कापड आलं. जांघेपाशी थंडगार औषध तीनदा फिरलं. भुलीची सुई आधी चावली, मग तिथली जागा आपली नाहीशी झाली. उरला तो फक्त दाब. कुणी आपल्यावर गुडघा रोवतंय असा. डॉक्टर सोनोग्राफीच्या पडद्याकडे बघत होत्या. "हलू नका. खोकू नका." नळीला वाट दाखवणारी तार आत खोल कुठेतरी सरकली आणि थांबली.

"आच्चा?" बाहेरून तुळसीबाईंचा आवाज आला. झालं का?

"इन्नुम इल्ल," नर्सने दाराकडे तोंड करून सांगितलं. अजून नाही.

डॉक्टरांचं बोलणं बंद झालं होतं. त्यांच्या कपाळावर नर्सने कापूस टेकवला. "तार पुढे जात नाही," त्या स्वतःशीच म्हणाल्या. तार बाहेर आली. मग पाच मिनिटं नुसतं दाबून धरणं. ऋजुता छतावरच्या चौकोनांच्या रांगा मोजत होती आणि दर वेळी अकरावर चुकत होती. आपण नको म्हणालो तर हे सगळे लगेच थांबतील, हे तिला माहीत होतं. त्यामुळेच तिने दात घट्ट मिटून घेतले.

"आच्चा?"

"इन्नुम इल्ल, अम्मा."

दुसरी सुई थोडी वर घातली. या वेळी तार सरळ गेली. मग ती वाट रुंद करणारं काहीतरी आत गेलं, तेव्हा भूल असूनही तिच्या घशातून आवाज निघाला. दाराच्या काचेवर एक तळवा येऊन टेकलेला तिने पाहिला. मग नळी गेली. लांब, जड, थंड. लाल तोंडातून काळपट रक्त वर चढलं.

"बसली," डॉक्टर म्हणाल्या आणि पहिल्यांदा सैल श्वास सोडला. दोन टाके घातले गेले. नर्सने ऋजुताच्या गुडघ्यावर हात ठेवून बजावलं, "हा पाय वाकवायचा नाही. हलवायचाही नाही."

मशीन पुन्हा घरघरू लागलं.

साडेचार तास लागले. मध्येच ऋजुताच्या ओठांना मुंग्या आल्या. तिने सांगायच्या आत तुळसीबाईंनीच नर्सला हाक मारली. ती ओठ चाटते आहे, हे त्यांनी पाहिलं होतं. नर्सने कॅल्शियम दिलं. मग तुळसीबाईंनी डबा उघडून दहीभात कालवला आणि चमच्याने भरवला.  वर टांगलेली पिशवी सावकाश भरत होती. गाजराच्या रसात थोडं रक्त मिसळावं तसा तिचा रंग होता. एवढं थोडं, ऋजुताला वाटलं.

पाचच्या सुमारास पिशवीतला नमुना प्रयोगशाळेत गेला. पेशी पुरेशा नसतील तर नळी रात्रभर ठेवून उद्या पुन्हा. तुळसीबाई मोठ्याने 'सरि', बरं, म्हणाल्या, आणि पिशवीतला टॉवेल काढून त्याची घडी मोडून पुन्हा घातली. मग पुन्हा मोडली.

पावणेसहाला वेंकट आत आला. धावत आल्यामुळे त्याला आधी बोलताच येईना. त्याने दोन्ही हातांचे अंगठे वर केले.

"पुरेशा?" ऋजुताने विचारलं.

"पुरून उरतील."

पिशवी निळ्या पेटीत गेली. पेटीवाल्याने झाकण दोनदा तपासलं, पट्टा खांद्यावर घेतला. तुळसीबाई उठून दारापर्यंत गेल्या. "पत्तिरमा पोंगो," त्यांनी त्याला सांगितलं. जपून जा. तो वळून हसला आणि निघाला. लिफ्टचं दार बंद होईपर्यंत त्या तिथेच उभ्या होत्या.

डॉक्टरांनी नळी काढली आणि वीस मिनिटं स्वतः दाबून धरलं. घट्ट पट्टी बसली. आठ वाजेपर्यंत सरळ पडून राहायचं होतं, पाय न हलवता. सगळे गेले. खिडकीच्या पडद्यावर बाहेरचं पिवळं ऊन तिरपं पडलं होतं.

तुळसीबाईंचा फोन वाजला. त्या खिडकीशी गेल्या, पण खोली लहान होती. तंजावरहून त्यांची बहीण हेमलता विचारत होती.

"नाहीं. तसें नव्हे," तुळसीबाई म्हणाल्या. मग बराच वेळ ऐकत राहिल्या. "मीच चुकलें. कोणी कांहीं सांगितलें नव्हतें, मीच धरून बसलें... नाहीं, तिला कांहीं विचारूं नको. पुढेंही नको. दुसऱ्या कोणी विचारलें तर मला विचारा म्हणावें."

फोन ठेवून त्या परत येऊन बसल्या आणि पांघरुणाची कड नीट करू लागल्या.

"अम्मा."

"पाणी हवें?"

"मागच्या वर्षी एक होतं."

पांघरुणावरचा हात थांबला.

"नऊ आठवडे. नंतर डॉक्टर म्हणाले, ठोके नाहीत. अरुण होता बरोबर. आम्ही कुणालाच सांगितलं नाही. नाशिकलाही नाही." ती थांबली. "तुम्ही सकाळी विचारलंत ना, कशाला म्हणून. फोन आला तेव्हा मला वाटलं, की या अंगाला निदान हे तरी..."

  बाहेरच्या वाटेवरून एक ट्रॉली खडखडत गेली.

"कोणत्या महिन्यांत?" त्यांनी विचारलं.

"ऑगस्टमध्ये."

त्यांनी हिशेब करावा तशी बोटं एकेक करून तळव्यावर मिटली. मग नजर वर केली.

"गोकुळाष्टमी होती."

"हो. दोन दिवसांनी."

"तूं बरें वाटत नाहीं म्हणालीस. मीं म्हटलें, सणाच्या दिवशीं असें काय. तांदळाचें पीठ तुझ्या हातांत दिलें." त्यांचा आवाज अगदी सपाट होता. "उंबऱ्यापासून देवापर्यंत बाळकृष्णाचीं पावलें काढायला लावलीं. वांकून. एवढालीं एवढालीं पावलें."

"तुम्हाला माहीत नव्हतं."

"एकोणीस होतीं. मीं मोजलीं. एक वांकडें आहे म्हणून पुसून परत काढायला लावलें."

 ऋजुताच्या डोळ्यांच्या कडेने पाणी कानाकडे ओघळत होतं आणि हात उचलून ते पुसायचं तिला सुचत नव्हतं. तुळसीबाईंनी पदराच्या टोकाने आधी एक बाजू पुसली, मग उठून, पलंगाला वळसा घालून, दुसरी.

"यंदां मी काढीन," त्या म्हणाल्या.

"तुमचे गुडघे? तुम्हाला वाकता कुठे येतं?"

"बसून काढीन. सरकत सरकत. सकाळीं सुरू केलें तर संध्याकाळपर्यंत देवापाशीं पोंचेन की."

ऋजुताचं सगळं अंग एकदम हललं. तुळसीबाईंनी झटकन तिच्या पट्टीवर तळवा दाबला आणि तसाच धरून ठेवला.

"हंसूं नको," त्या म्हणाल्या. "पाय हलतो."